दहा लाखांत अठ्ठेचाळीस

अकरावी-बारावीला विज्ञान शाखा घेतलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी हे गणित सोडवलेले असते. एका बंद भांड्यात अमुक इतका नायट्रोजन आणि तमुक इतका हायड्रोजन घेतला, अमुक तापमानाला समतोल साधल्यावर इतका अमोनिया सापडला, तर समतोल स्थिरांक काढा. वर अमोनियाचा वर्ग, खाली नायट्रोजन गुणिले हायड्रोजनचा घन. आकडे घालायचे, उत्तराखाली दोन रेघा मारायच्या आणि पुढच्या गणिताकडे वळायचे. मी बरीच वर्षे हेच गणित फळ्यावर सोडवून दाखवले. वर्ग विसरणाऱ्या, घन विसरणाऱ्या मुलांचे गुण कापले. पण ‘सर, हा आकडा काढून करायचे काय?’ असे एका मुलीने विचारले, तेव्हा पुस्तकातले उत्तर देऊन मी वेळ मारून नेली.

खरे उत्तर नंतर वाचनात सापडले. हेच गणित, याच अभिक्रियेचे, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मनीतले दोन मोठे रसायनशास्त्रज्ञ सोडवत होते. दोघांची उत्तरे जुळेनात. वाद भर सभेत गेला. आणि त्या वादाच्या निकालावर पुढे जगाच्या शेतीचे चित्र बदलले.

थांबलेले दिसते, पण थांबलेले नसते

आधी समतोल म्हणजे काय ते पाहू. गर्दीच्या वेळी दादरला लोकल थांबली, चाळीस माणसे उतरली आणि चाळीसच चढली, तर डब्यातली गर्दी तेवढीच राहते. फलाटावरून पाहणाऱ्याला डब्यात काही बदलले नाही असे वाटेल. आतला माणूस मात्र सांगेल की किती धक्काबुक्की झाली. रासायनिक समतोल असाच असतो. नायट्रोजन आणि हायड्रोजन एकत्र येऊन अमोनिया होत असतो आणि त्याच वेळी अमोनिया फुटून पुन्हा नायट्रोजन व हायड्रोजन होत असतात. दोन्हींचा वेग सारखा झाला की मिश्रणातले प्रमाण बदलेनासे होते.

हे प्रमाण कसे ठरते, याचा नियम नॉर्वेतल्या काटो गुल्डबर्ग आणि पीटर वोगे या मेहुण्या-मेहुण्यांनी १८६४ मध्ये क्रिस्तियानिया येथे, म्हणजे आजच्या ओस्लोत, मांडला. निबंध नॉर्वेजियन भाषेत होता. युरोपातल्या बड्या विद्यापीठांत ती भाषा वाचणारे थोडे. निबंध पडून राहिला. त्यांनी १८६७ मध्ये तो विषय फ्रेंचमध्ये आणि १८७९ मध्ये जर्मनमध्ये पुन्हा मांडला, तेव्हा कुठे त्यांच्याकडे लक्ष गेले. छोट्या भाषेत लिहिणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. पुढे १८८४ मध्ये डच शास्त्रज्ञ फान्ट हॉफ याने या नियमाला जवळपास आजचे रूप दिले.

नियम साधा आहे. एका तापमानाला समतोल साधला की उत्पादितांचे दाब वर आणि अभिकारकांचे दाब खाली ठेवून जो भागाकार येतो, तो ठरलेला असतो. सुरुवातीला कोणता वायू किती घेतला, भांडे केवढे होते, याने तो बदलत नाही. अट एकच: समीकरणात ज्या पदार्थाचे जितके रेणू, तितक्या वेळा त्याचा दाब गुणायचा. एक नायट्रोजन आणि तीन हायड्रोजन मिळून दोन अमोनिया होतात. म्हणून अमोनियाचा दाब ‘अ’, नायट्रोजनचा ‘न’ आणि हायड्रोजनचा ‘ह’ मानला, तर

समतोल स्थिरांक = (अ × अ) ÷ (न × ह × ह × ह)

आकडा मोठा आला तर समतोल अमोनियाच्या बाजूला झुकलेला, लहान आला तर मूळ वायूंच्या बाजूला. हे झाले पुस्तकातले. आता कार्ल्सरुहेच्या प्रयोगशाळेत जाऊ.

हवेत अन्न आहे, पण कुलूपबंद

हवेचा जवळजवळ चार पंचमांश भाग नायट्रोजन आहे. पिकाला नायट्रोजन लागतो, पण हवेतला त्याला थेट घेता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपची शेती चिलीच्या वाळवंटातून जहाजांनी येणाऱ्या सोऱ्यावर विसंबून होती. १८९८ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स याने ब्रिस्टल येथील भाषणात इशारा दिला की हे साठे कायम पुरणारे नाहीत, गहू खाणाऱ्या जगावर टंचाईची वेळ येईल आणि हवेतला नायट्रोजन कामाला लावणे हे रसायनशास्त्रज्ञांचे काम आहे.

अनेकांनी हात घालून पाहिला. समतोलाच्या तत्त्वामुळे ज्याचे नाव आज प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे, त्या ल शातेलिएने १९०१ मध्ये दाबाखाली अमोनिया करण्याचा प्रयत्न केला. उपकरणात स्फोट झाला आणि त्याने तो नाद सोडला. दाब वाढवला की समतोल अमोनियाकडे झुकेल, हे त्याला कळले होते. पण किती दाबाला किती अमोनिया मिळेल, हे सांगणारा नेमका आकडा तेव्हा कोणाजवळच नव्हता.

कार्ल्सरुहेत फ्रिट्झ हाबर हा तरुण प्राध्यापक होता. व्हिएन्नाच्या एका रासायनिक कंपनीच्या मालकांनी त्याला विचारले की हे जमण्यासारखे आहे का. हाबरने आपला सहकारी फान ओर्ड्ट याच्यासह १९०४-०५ मध्ये मोजणी केली. लोखंडाचा उत्प्रेरक, हजार अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान, नेहमीच्या हवेइतकाच दाब. पद्धत सुरेख होती. पहिल्या तापलेल्या नळीत तयार अमोनिया सोडायचा. तो फुटून थोडासा उरे. उरलेला शोषून घेऊन स्वच्छ झालेले वायू दुसऱ्या तापलेल्या नळीत न्यायचे. तिथे नव्याने थोडा अमोनिया तयार होई. एका नळीत समतोल अमोनियाच्या बाजूने गाठायचा, दुसरीत मूळ वायूंच्या बाजूने. दोन्हीकडून एकाच जागी पोचलो तरच तो खरा समतोल. एका बाजूनेच गेले तर आपण समतोलाला पोचलो की वाटेतच थांबलो, हे कळायला मार्ग नसतो.

मोजायचे प्रमाण मात्र भयंकर लहान होते. आकडे ०.००५ टक्क्यापासून ०.०१२ टक्क्यापर्यंत मागेपुढे होत होते. हाबरने वरचा आकडा धरला. म्हणजे दहा लाख रेणूंत सुमारे १२० रेणू अमोनियाचे. व्यवहाराच्या दृष्टीने हे शून्यातच जमा. नेहमीच्या दाबाला यातून धंदा उभा राहणार नाही असे त्याचे मत झाले आणि त्याने विषय बाजूला ठेवला.

नर्न्स्टचे पत्र

त्याच सुमारास बर्लिनमध्ये वाल्टर नर्न्स्ट वेगळ्या वाटेने चालला होता. प्रयोग न करता, पदार्थांच्या उष्णतेच्या मोजमापांवरून समतोल स्थिरांक कागदावर काढता येतो का, हा त्याचा प्रश्न होता. १९०६ मध्ये त्याने आपला उष्णतेचा सिद्धान्त जाहीर केला. आज आपण त्याला ऊष्मागतिकीचा तिसरा नियम म्हणतो. हा सिद्धान्त पारखून पाहण्यासाठी त्याने निरनिराळ्या अभिक्रिया घेतल्या. बहुतेक जुळल्या. अमोनिया जुळेना. त्याच्या हिशेबाने हजार अंशांना दहा लाखांत ४५ यायला हवे होते, हाबर म्हणत होता १२०. नर्न्स्टने हाबरला पत्र लिहून कळवले आणि स्वतःही आपल्या सहायकाकडून दाबाखाली प्रयोग करवून घेतले. त्याचा आकडा आला ३२.

१२० आणि ३२ यांतला फरक किती, हे स्थिरांक काढल्यावर नीट कळते. मिश्रण एकास तीन या प्रमाणात आहे, एकूण दाब एक वातावरण आहे आणि अमोनिया नगण्य आहे. तेव्हा न = ०.२५ आणि ह = ०.७५ धरायला हरकत नाही. छेदातला गुणाकार ०.२५ × ०.७५ × ०.७५ × ०.७५, म्हणजे सुमारे ०.१०५५. अंशात अमोनियाचा दाब दोनदा गुणायचा. १२० साठी स्थिरांक येतो १३.७ भागिले दहा कोटी. ३२ साठी येतो जेमतेम १ भागिले दहा कोटी. मोजणीत पावणेचार पट तफावत. स्थिरांकात चौदा पट. अमोनियाचा वर्ग होतो, म्हणून चुकीचाही वर्ग होतो. वर्ग विसरणाऱ्या मुलाचे गुण कापताना मी हे सांगायला हवे होते.

हाबरने इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावरून आलेल्या रॉबर्ट ल रोसिन्योल या निष्णात सहकाऱ्याला घेऊन मोजणी पुन्हा केली. नवा आकडा जुन्यापेक्षा बराच खाली, नर्न्स्टच्या हिशेबाजवळ आला. तरी १९०७ च्या मे महिन्यात हॅम्बुर्गला भरलेल्या बुन्सेन सोसायटीच्या सभेत नर्न्स्टने सर्वांसमक्ष सांगितले की हाबरचे आकडे भरवशाचे नाहीत आणि मोजायचेच तर मोठ्या दाबाखाली मोजावे. नर्न्स्ट हे त्या काळातले फार मोठे नाव. भर सभेतले ते शब्द हाबरला झोंबले.

दाब वाढवला तर?

नर्न्स्टच्या सल्ल्यात मात्र तथ्य होते. एकूण दाब दुप्पट केला तर छेदातल्या चार दाबांमुळे छेद सोळापट होतो. स्थिरांक तर तोच राहायला हवा, मग अंशही सोळापट, म्हणजे अमोनियाचा दाब चौपट व्हायला हवा. एकूण दाब दुप्पट आणि अमोनियाचा चौपट, याचा अर्थ मिश्रणातला त्याचा वाटा दुप्पट. अमोनिया अल्प असेपर्यंत हिशेब सरळ आहे: दाब जितके पट, टक्का तितके पट. तीस वातावरणांच्या दाबाला दहा लाखांत ४८ ऐवजी सुमारे १,४४० रेणू मिळतील. इतके मोजताना चुकीला जागा कमी.

हाबर आणि ल रोसिन्योल यांनी तीस वातावरणांच्या दाबाखाली सगळी मोजणी नव्याने केली. हजार अंशांना, एक वातावरणाच्या दाबाच्या हिशेबात, आकडा आला ०.००४८ टक्के. दहा लाखांत अठ्ठेचाळीस. स्थिरांक सुमारे २.२ भागिले दहा कोटी.

आता निकाल पाहा. आकडा पहिल्यापेक्षा लहान निघाला म्हणून नर्न्स्ट बरोबर होता. पण त्याने स्वतः मोजलेला आकडाही चुकला होता. हाबरची पहिली मोजणी चुकली होती, दुसरी टिकली. मानापमान सोडून पाहिले तर वाईट बातमी होती ती अमोनियासाठी: निसर्ग वाटला होता त्याहूनही कंजूष ठरला. मग काम थांबायला हवे होते. उलट ते इथूनच सुरू झाले.

कारण आता हातात खात्रीचा आकडा होता, आणि तो एकाच नव्हे तर अनेक तापमानांचा. अमोनिया होताना उष्णता बाहेर पडते, म्हणून तापमान उतरले की स्थिरांक चढतो. हजार अंशांना २.२ भागिले दहा कोटी; पाचशे अंशांना सुमारे १,४५० भागिले दहा कोटी. साडेसहाशे पटींहून अधिक. पाचशे अंश आणि दोनशे वातावरणांचा दाब घेतला तर काय मिळेल, हे उपकरण न बांधता कागदावर काढता येते. आपणही काढू.

अमोनियाचा वाटा ‘क्ष’ मानू. उरलेल्या (१ − क्ष) मध्ये पाव भाग नायट्रोजन आणि पाऊण भाग हायड्रोजन. हे स्थिरांकाच्या सूत्रात घालून दोन्ही बाजूंचे वर्गमूळ काढले की मिळते:

क्ष ÷ [(१ − क्ष) × (१ − क्ष)] = ०.३२५ × स्थिरांकाचे वर्गमूळ × एकूण दाब

०.३२५ हे मघाच्या ०.१०५५ चे वर्गमूळ. स्थिरांकाचे वर्गमूळ ०.००३८१, दाब २००. उजवी बाजू सुमारे ०.२४७. इथे पुष्कळ विद्यार्थी सवयीने ‘क्ष लहान आहे, सोडून द्या’ म्हणतात आणि २५ टक्के असे उत्तर लिहितात. हजार अंशांना ती सवलत चालली, इथे चालत नाही. उरलेला (१ − क्ष) आता एकापेक्षा बराच कमी झाला आहे. वर्गसमीकरण सोडवले की क्ष = ०.१७ येतो. ताळा करून पाहा: ०.१७ भागिले (०.८३ × ०.८३) म्हणजे ०.२४७. इतक्या दाबाला वायू आदर्श वायूंच्या नियमापासून थोडे ढळतात, म्हणून प्रत्यक्षातला आकडा किंचित वेगळा असतो. पण सतराच्या आसपासच.

दहा लाखांत अठ्ठेचाळीसवरून शंभरात सतरा. यासाठी हवी होती ती केवळ चिकाटी नव्हे. पाचशे अंशांनाही अभिक्रिया वेगाने चालवणारा उत्प्रेरक आणि दोनशे वातावरणांचा दाब सोसणारे भांडे हवे होते. पण या दोन गोष्टींसाठी झगडणे शहाणपणाचे आहे, हे सांगितले स्थिरांकाने.

स्थिरांक काय सांगत नाही

याच हिशेबाने पंचवीस अंशांना, म्हणजे आपल्या घरातल्या तापमानाला, स्थिरांक सहा लाखांच्या जवळ जातो. नेहमीच्याच दाबाला शंभरातले चौऱ्याण्णव भाग अमोनिया व्हायला हवा. तरी हे दोन वायू वर्षानुवर्षे एका बाटलीत ठेवले तरी काही होत नाही. नायट्रोजनच्या रेणूतला बंध फार घट्ट असतो. स्थिरांक मुक्काम सांगतो. तिथे कधी पोचू ते सांगत नाही. वेग वाढवायला तापवावे, तर स्थिरांक घसरतो. या कात्रीतून उत्प्रेरक सोडवतो, कारण तो दोन्ही दिशांचे वेग सारखेच वाढवतो. मुक्काम हलत नाही, वाट सोपी होते. उत्प्रेरक टाकल्यावर स्थिरांक वाढतो असे लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी भेटत. तसे असते तर हाबरचे सारे कष्ट वाचले असते.

हाबरला ऑस्मियम सापडले. त्याची दुसरी युक्ती मला अधिक मोलाची वाटते. एका फेरीत जेवढा अमोनिया होईल तेवढा थंड करून द्रवरूपात काढून घ्यायचा आणि न जुळलेले वायू पुन्हा उत्प्रेरकावर फिरवायचे. समतोलाची मर्यादा एका फेरीपुरती आहे. फेऱ्यांवर तिचे बंधन नाही. नियम मोडायचा नाही, त्याला पुनःपुन्हा तोच प्रश्न विचारायचा.

२ जुलै १९०९ रोजी बीएएसएफ कंपनीच्या माणसांसमोर टेबलावर मावणाऱ्या उपकरणातून अमोनिया थेंबाथेंबाने टपकू लागला. कार्ल बॉशने त्याचा कारखाना उभा करायचे मनावर घेतले, अल्विन मिटाशने हजारो चाचण्या करून दुर्मीळ ऑस्मियमच्या जागी मिश्र लोखंडी उत्प्रेरक शोधला. सप्टेंबर १९१३ मध्ये ओपाऊ येथे कारखाना सुरू झाला. त्याआधी, १९१२ मध्ये, दुसऱ्या एका कंपनीने हाबरच्या एकस्वाला लाइपझिगच्या न्यायालयात आव्हान दिले, तेव्हा त्याच्या बाजूने साक्षीला उभा राहिला तो नर्न्स्ट.

पुढचे सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. अमोनियापासून खत होते तसे स्फोटकांसाठी लागणारे नायट्रिक आम्लही होते. महायुद्धात चिलीचा सोरा बंद झाल्यावर जर्मनीची युद्धसामग्री याच कारखान्यांवर तगली. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथे क्लोरीनचा विषारी ढग सोडला गेला, त्याची आखणी हाबरचीच. त्याला १९१८ चे नोबेल मिळाले. १९३३ मध्ये ज्यू कुळातला म्हणून त्यालाच जर्मनी सोडावी लागली आणि पुढच्या वर्षी बाझेल येथे तो वारला. किती अमोनिया होईल ते स्थिरांकातून काढता येते. त्याचे काय करायचे, ते नाही.

आपल्याकडे मुंबईत ट्रॉम्बेला आणि अलिबागजवळ थळला खतांचे कारखाने आहेत. पेरणीच्या दिवसांत कृषी सेवा केंद्रासमोर युरियाच्या गोणीसाठी रांग लागते. त्या गोणीतला नायट्रोजन कधीतरी हवेत होता आणि लोखंडी उत्प्रेरकावर, मोठ्या दाबाखाली, फेऱ्या घालून अमोनिया झाला होता. कारखान्याचे तापमान, दाब, फेऱ्या, सगळे त्या एका भागाकाराने आखून दिलेले आहे.

त्या मुलीला आज उत्तर द्यायचे झाले, तर मी सांगेन: या आकड्यावरून कळते की निसर्ग कुठवर येईल आणि आपल्याला किती जावे लागेल. ढोबळ एकशे वीस हाती होते तेव्हा हाबरने काम सोडून दिले होते. नेमके अठ्ठेचाळीस हाती आले तेव्हा त्याने ते पुरे केले. म्हणून वर्ग विसरू नकोस, घन विसरू नकोस, आणि ‘क्ष’ सोडून देण्याआधी तो खरोखरच लहान आहे का, ते एकदा पाहा.